कणगीची राखण आणि मांजरीचा पंजा

बैल लंगडला की आपण हातातले काम टाकून त्याचा पाय वर घेतो. खुरात खडा अडकला आहे का, पत्री सैल झाली आहे का, हे पाहतो. शेळीची खुरे वाढली तर तासून घेतो. गाय एका पायावर भार देईनाशी झाली की संध्याकाळपर्यंत ते सगळ्या वस्तीला ठाऊक होते. पण वाचकहो, तुमच्या घरातल्या मांजरीचा पंजा उचलून तुम्ही शेवटचा कधी पाहिला होता? बहुतेकांचे उत्तर ‘कधीच नाही’ असेच येईल. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या घरचेही उत्तर तेच होते. ते उत्तर आम्हाला कसे महागात पडले, ते आधी सांगते.

आमची ठिपकी

ठिपकी आमच्याकडे पिलू म्हणून आली त्याला तेव्हा बारा वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांत कोठीतल्या धान्याला उंदराचा दात लागला नव्हता. त्या वर्षी मात्र उन्हाळी भुईमुगासाठी राखून ठेवलेल्या शेंगांची दोन पोती उंदरांनी खालच्या अंगाने फोडली. वरून पाहावे तर पोते जसेच्या तसे, आणि उचलायला जावे तर निम्मी टरफलेच. बियाणे विकत आणावे लागले.

सगळ्यांचा राग निघाला तो ठिपकीवर. दिवसभर ती चुलीजवळ पडून असे. उंदीर समोरून गेला तरी नुसती मान वळवून बघे. सासूबाई म्हणाल्या, “आयतं दूध पिऊन सुस्तावलीय मेली.” उपाशी राहिली की धरील उंदीर, म्हणून आम्ही दूध बंद केले. तरी ती उठेना. शेवटी घरात ठरले की येत्या बाजाराला जाताना तिला पिशवीत घालून न्यायची आणि बाजारच्या गावी सोडून यायची. खरे सांगते, मीही ‘नको’ म्हटले नाही.

पिशवीत घालताना धाकट्या मुलीच्या हातात तिचा पुढचा पाय आला आणि ठिपकी कळवळून ओरडली. मुलीने पंजा उलटा करून पाहिला. “आई, हिचं नख गोल फिरून आत घुसलंय गं!” अंगठ्याच्या नखाचे पुरते कडे झाले होते आणि टोक तळव्याच्या गादीत रुतले होते. भोवती पू धरला होता. दुसऱ्या पंजाचीही तीच गत होऊ घातली होती.

त्याच पिशवीतून तिला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी नख कापून काढले, जखम धुतली, इंजेक्शन दिले आणि सात दिवसांचे औषध लिहून दिले. म्हणाले, “हिला दोन-तीन महिने तरी दुखत असेल.” म्हणजे ज्या दिवसांत आम्ही तिला आळशी म्हणत होतो, तिचे दूध तोडत होतो, त्या दिवसांत ती दुखऱ्या पायाने कशीबशी वावरत होती. दुखऱ्या पंजाने झडप घालायची तरी कशी?

मांजर दुखणे बोलून दाखवत नाही, उलट लपवते. कुत्रा कुईं कुईं करत तुमच्यापाशी येईल, मांजर कोपरा धरील. म्हणून मांजर कामाला हटले की आधी तिचे पाय पाहावेत, मग तिला नावे ठेवावीत. हे आम्ही शिकलो ते असे.

पंजा असतो तरी कसा?

मांजर आपल्यासारखे टाच टेकून चालत नाही, बोटांवर चालते. पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या प्रत्येकाला चार अशी तिची एकंदर अठरा नखे असतात. काही मांजरांना जन्मतःच एखाद-दुसरे बोट जास्त असते. पुढच्या पायाचे पाचवे नख, म्हणजे अंगठ्याचे, थोडे वर असते आणि चालताना जमिनीला लागत नाही. ते झिजत नाही, म्हणून नख रुतण्याचा प्रकार याच ठिकाणी अधिक होतो.

तलवार जशी म्यानात, तशी मांजराची नखे एरवी आत ओढलेली असतात. म्हणून तिची धार टिकते आणि चालताना पावलाचा आवाज होत नाही. झडप घालताना पायातली शीर आवळली जाते आणि नखे बाहेर येतात. अगदी लहान पिलांना पहिले तीन-चार आठवडे हे आत ओढणे जमत नाही, म्हणून ती गोधडीला चिकटून बसतात. नखांचा बाक मागे वळलेला असतो, त्यामुळे मांजर झाडावर सरसर चढते पण उतरताना शेपटीकडून उतरते.

तळव्याच्या गाद्या जाड कातडीच्या असतात. उंचावरून उडी घेतली की धक्का त्या झेलतात. मांजराला घाम येतो तोही मुख्यतः याच गाद्यांतून. घाबरलेले मांजर फरशीवरून गेले तर ओली पावले उमटतात ती त्यामुळे. पुढच्या पायाच्या मनगटामागे मिशांसारखे राठ केस असतात. पंजात धरलेले भक्ष्य हलते आहे की नाही, ते तिला या केसांवरून कळते. एवढी कारागिरी एका पंजात असते. त्यात एक कुसळ शिरले तरी सगळे काम अडते.

खांब ओरबाडते म्हणून मारू नका

मांजर दाराची चौकट, पोते किंवा खाटेची सुंभे ओरबाडू लागले की आपण खेकसतो. पण ती खोडी नव्हे, ती तिची गरज आहे. नखावर थरावर थर वाढत असतात. वरचा झिजलेला थर ओरबाडल्याने टरफलासारखा निघून जातो आणि खालचे टोकदार नख उघडे पडते. खांबाच्या बुडाशी नखाच्या आकाराची पोकळ सालपटे पडलेली दिसतात ती हीच. नख उपटले म्हणून घाबरू नये. ओरबाडताना पाठ आणि खांदे ताणले जातात, आणि तळव्याचा वास तिथे लागून ‘हे घर माझे’ अशी खूणही होते. मागच्या पायांची सालपटे ती दातांनी काढते.

पूर्वी आपल्या घरांना लाकडी खांब होते, गोठ्याला मेढी होत्या, दारात चिंचेचे नाहीतर आंब्याचे झाड होते. आता घर सिमेंटचे, फरशी गुळगुळीत आणि गोठ्याला लोखंडी पाइप. मांजराने नख घासावे तरी कुठे? मग ती धान्याची पोती धरते, आणि म्हातारी असली तर तेही सोडून देते. मग नख वाढत जाऊन ठिपकीसारखी गत होते.

यावर उपाय फुकटचा आहे. बाभळीचे नाहीतर आंब्याचे सालीसकट ओंडके एक कोपऱ्यात रोवून द्या. फळीला किंवा जुन्या खांबाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली तरी चालते. उंची अशी असावी की मांजर मागच्या पायांवर उभे राहून पूर्ण ताणू शकेल, म्हणजे अडीच ते तीन फूट. आणि तो हलता कामा नये. एकदा डुगडुगला की मांजर पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. जिथे ती झोपते त्याच्या जवळच तो ठेवा, कारण झोपेतून उठल्याबरोबर ओरबाडण्याची तिला सवय असते.

नखे कापावीत का?

शेतात, गोठ्यात हिंडणाऱ्या तरण्या मांजराची नखे कापू नयेत. कुत्रे मागे लागले तर झाडावर चढण्याचे तेच तिचे साधन आहे, आणि उंदीर धरण्याचेही. अंगठ्याचे नख मात्र तपासत राहावे. ते गोल वळू लागले तरच टोक काढावे.

म्हातारे, आजारी किंवा सदा घरातच राहणारे मांजर असेल तर दर दोन-तीन आठवड्यांनी नखे पाहून, लागतील तशी टोके काढावीत. रीत अशी. मांजर पेंगत असेल अशी वेळ धरा. जुन्या टॉवेलात तिला सैलसर गुंडाळून एकच पाय बाहेर काढा. बोट वरून आणि खालून हलके दाबले की नख बाहेर येते. उजेडात पाहिलेत तर नखाच्या बुडाशी गुलाबी भाग दिसेल. तो जिवंत भाग आहे, त्यात रक्त आणि जाणीव दोन्ही असते. त्याच्या पुढचे पांढुरके टोक तेवढेच, गुलाबीपासून थोडे अंतर राखून, धारदार नखकात्रीने काढा. बोथट कात्रीने नख चिरते. काळसर नखात गुलाबी भाग दिसत नाही, तेव्हा फक्त आकड्यासारखे टोक काढून थांबा.

दिवेलागणीला नखे कापू नयेत असे आपल्या आजीबाई सांगत. मांजराच्या बाबतीत तरी हा सल्ला सोळा आणे खरा आहे, कारण हे काम भर उजेडाचे आहे. चुकून रक्त आलेच तर स्वच्छ फडक्याने चार-पाच मिनिटे दाबून धरा. चिमूटभर मैदा लावला तरी चालतो. एका बैठकीत चारही पाय झालेच पाहिजेत असे नाही. आज एक, उद्या एक. पिलू असतानाच रोज पंजे हातात घेण्याची सवय लावली तर पुढे काहीच त्रास होत नाही.

नखे मुळापासून काढून टाकण्याचा विचार तर मनातही आणू नका. त्यात नुसते नख जात नाही, बोटाचे शेवटचे हाडच कापले जाते. आपली दहाही बोटे पहिल्या पेराला तोडावीत तसे. बऱ्याच देशांत यावर बंदी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यानेही २०१९ साली बंदी घातली. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये म्हणून १९६० सालचा कायदा आहे. त्यात जनावराचे अंग छाटणे हा गुन्हा आहे, आणि उपासमार होईल अशा जागी विनाकारण सोडून देणे हाही. बाजाराच्या पिशवीची आठवण झाली की मला हे कलम आठवते.

शेतावर पंजाला काय काय होते

कुसळ आणि काटे : सुगीनंतर रानात कुसळे फार. कुसळाला उलटे बारीक काटे असतात, त्यामुळे ते आत शिरले की पुढेच सरकत जाते, मागे येत नाही. दोन बोटांमधल्या खोबणीत शिरलेले कुसळ वरून दिसत नाही, नुसती गाठ येते आणि मांजर तिथे सारखे चाटत बसते. टोक बाहेर दिसत असेल तर चिमट्याने सरळ ओढून काढा. दिसत नसेल तर सुईने उकरू नका, दवाखाना गाठा. बाभळीचा काटा, सराटा यांचेही असेच.

चटका : चुलीची राख वरून थंड दिसते आणि आत निखारे असतात. उबेला बसणारे मांजर नेमके तिथेच पाय घालते. चटका बसला तर पंजावर दहा मिनिटे तरी साधे गार पाणी सोडा. बर्फ नको, तेल-तूप नको, टूथपेस्टही नको. उन्हाळ्यात तापलेला पत्रा आणि डांबरी रस्ता यांनीही गाद्या सोलतात.

चिकट पदार्थ : डांबर किंवा उंदरांसाठी लावलेली चिकटपट्टी पंजाला लागली तर ओढू नका, कातडी निघेल. रॉकेल किंवा पेट्रोल मुळीच लावू नका. खायचे तेल हलके चोळत राहा. चिकटा सुटला की साबण आणि कोमट पाण्याने धुऊन कोरडे करा.

विषे : मांजर पंजाला लागलेले सगळे चाटून पोटात घेते, हे पक्के ध्यानात ठेवा. फवारणी केलेल्या रानातून ती आली, सांडलेल्या खतातून किंवा चुन्यातून चालली, तर ते सगळे जिभेवाटे आत जाते. फवारणीच्या दिवशी तिला घरात कोंडून ठेवा. पंजे माखले असतील तर तिने चाटण्याआधी पाण्याने धुवा. लाळ गळू लागली, अंग थरथरू लागले तर औषधाची बाटली बरोबर घेऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जा.

बोक्यांची भांडणे : चाव्याचे भोक वरून एका दिवसात मिटते आणि आत पू साचतो. दोन-तीन दिवसांनी पंजा फुगतो, तापतो. पावसाळ्यात अशा जखमेवर माश्या बसून अळ्या पडतात. याला घरगुती उपाय नाही.

ही औषधे हाताळू नका

गुरांना चालते ते मांजराला चालतेच असे नाही. फिनेल मांजराला विष आहे. फरशी फिनेलने पुसली तर ती वाळेपर्यंत मांजराला आत घेऊ नका आणि जखम त्याने कधीही धुऊ नका. गुरांच्या जखमेत अळ्या मारायला टर्पेंटाईन घालतात, ते मांजराला नको. गुरांच्या किंवा कुत्र्याच्या गोचिडांची औषधे मांजराच्या जिवावर बेततात, तेव्हा पिसवांसाठी ती लावू नका. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, ताप-अंगदुखीची आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. अर्ध्या-एका गोळीनेही मांजर दगावते.

किरकोळ ओरखड्याला एवढेच करा. एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात दीड लहान चमचा मीठ विरघळवा, त्याने पंजा धुवा आणि मऊ फडक्याने टिपा. घट्ट पट्टी बांधू नका, पंजा सुजतो.

दवाखान्यात केव्हा न्यावे?

मांजर एक दिवसाहून अधिक पाय टेकत नसेल. नख गादीत रुतले असेल. नखाच्या मुळाशी पू किंवा घाण वास असेल. गादी फुगून मऊ, पिठाच्या गोळ्यासारखी लागत असेल. म्हाताऱ्या मांजराची एकाहून अधिक बोटे सुजली असतील. नखे ठिसूळ होऊन भोवतीचे केस गोल गळत असतील. हा शेवटचा प्रकार गजकर्णाचा असू शकतो आणि तो मुलांना लागतो, तेव्हा हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

ओरखडा आपल्याला लागला तर

पंजा पाहताना तुम्हाला नख लागले किंवा दात लागला तर ‘घरचंच मांजर आहे’ म्हणून हळद लावून मोकळे होऊ नका. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. मांजरालाही पिसाळ होते. ते चावल्याने तर होतेच, ओरखड्यानेही होऊ शकते, आणि लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. वेळेवर लस घेतली तर मात्र तो टळतो. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही तिथेच विचारा. ओरखड्यानंतर काही दिवसांनी काखेत गाठ येऊन ताप आला तर डॉक्टरांना मांजराचे नख लागल्याचे आठवणीने सांगा. त्या आजाराचे जंतू पिसवांमार्फत मांजरात पसरतात, म्हणून मांजर पिसवांपासून स्वच्छ ठेवणे हे आपल्याच हिताचे. मांजरीलाही तीन महिन्यांची झाली की पिसाळाची लस टोचून घ्या आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा द्या.

आठवड्याला पाच मिनिटे

आमच्याकडे आता रविवारी सकाळी मुलांची नखे काढायची वेळ हीच ठिपकीच्या पंजांची वेळ. अंगणात उन्हाला बसायचे, एकेक बोट उघडून बघायचे. अठरा नखे मोजायची, दोन्ही अंगठे आधी. गाद्यांना चीर आहे का, बोटांच्या खोबणीत काही अडकले आहे का, कुठे गरम लागते का, हे पाहायचे. मागून पुढून नुसती तिची चाल पाहायची. पाच मिनिटांचे काम. धाकटी ते करते. तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाला ठिपकी पाय धरू देत नाही.

पंजा बरा झाल्यावर महिनाभराने एका सकाळी सासूबाई दार उघडायला गेल्या आणि उंबऱ्यावर मेलेला उंदीर पडलेला. बाजूला ठिपकी अंग चाटत बसलेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि बशीत दूध घेऊन आल्या. ठिपकी आज चौदा वर्षांची आहे. आता तिच्याने फारसे उंदीर होत नाहीत, एक नवे पिलू तिच्या हाताखाली तयार होते आहे. पण तिच्या दुधाविषयी आमच्या घरात पुन्हा कुणी शब्द काढलेला नाही.

तेव्हा वाचकहो, हे वाचून झाले की उठा. चुलीजवळ नाहीतर पोत्यांवर तुमची मांजर झोपलेली असेल. तिला हळूच मांडीवर घ्या, पुढचा पंजा उलटा करा आणि अंगठ्याचे नख तेवढे बघा.